जिव्हापरीक्षेचीं वाक्यें आणि नंदुरबारकडील ळकार

मराठी मुलांच्या तोंडीं पिढ्यानुपिढ्या चालत आलेलीं कांहीं वाक्यें अशीं आहेत कीं, तीं अर्थासाठीं म्हटलीं जात नाहींत. म्हणणाराची जीभ कोठें अडखळते तें पाहण्यासाठीं म्हटलीं जातात. ‘कच्चा पापड, पक्का पापड’, ‘चटईला टाचणी टोचली’, ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यांत राळे मिसळले’ हीं त्यांपैकीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पावसाळ्यांत घरीं कोंडलेलीं मुलें तीं खेळ म्हणून म्हणतात. शाळामास्तर तींच उच्चारशुद्धीचें साधन म्हणून वापरतात. आम्हीं स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ तीं वापरलीं. ताम्रपट, बखरी व सनदा ह्यांच्या पंक्तीस असला पोरखेळ बसवावा काय, अशी शंका ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस येणें स्वाभाविक आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, ताम्रपटावरून कोरणारानें काय लिहिलें तें कळतें, पण त्याच्या शेजाऱ्यानें तें कसें उच्चारिलें तें कळत नाहीं. आणि ह्या वाक्यांत नेमका उच्चारच सांठविलेला असतो. कोणत्या दोन ध्वनींमधील अंतर एखादा समाज जपतो, आणि कोणतें अंतर त्यानें सोडून दिलें आहे, ह्याचा तो पुरावा होय. हा पुरावा आम्हांस नंदुरबार प्रांतीं आल्यावर उमगला, आणि तोहि उशिरा.

प्रथम ह्या वाक्यांची घडण पाहूं. तिन्हींची अवघडाई सारखी नाहीं. ‘कच्चा पापड’ ह्यांत पकार ओंठांचा, ककार जिभेच्या मुळाचा व चकार तिच्या पुढील भागाचा. तिघांचीं घरें निरनिराळीं, म्हणून एकवार म्हणतांना कोणीहि चुकत नाहीं. चौथ्यापांचव्या आवृत्तीस मात्र ‘पच्चा कापड’ बाहेर पडतो. येथें चुकतो तो क्रम, उच्चार नव्हे. ‘चटईला टाचणी टोचली’ ही पुढची पायरी. जिभेचें एकच टोंक टकारासाठीं उलटें वळून वर जातें आणि लगेच चकारासाठीं दांतांमागें येऊन टेकतें. एकाच गड्यास दोन बांधांवर पाणी धरावयास लावावें, तसा हा प्रकार आहे. तिसरें वाक्य सर्वांत कठीण. र, ल आणि ळ हे तिघेहि जिभेच्या टोंकाचेच, आणि त्यांचीं स्थानें एकमेकांस इतकीं लागून आहेत कीं, घाईंत एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगणांत पडतो. त्यांतहि ‘मिसळले’ हा शब्द म्हणजे त्या वाक्याची खिंड आहे. तेथें ळकारास लागूनच लकार येतो. मधें विसाव्यास स्वर नाहीं. म्हणणारा तेथें ‘मिसलले’ म्हणतो, नाहीं तर ‘मिसळळे’ म्हणतो, आणि ऐकणारीं पोरें टाळ्या पिटतात.

ही मीमांसा आमच्या पदरची नाहीं. सहा वेदांगांत शिक्षेस प्रथम स्थान आहे, व शिक्षाग्रंथांचा मुख्य विषयच हा कीं, कोणता वर्ण मुखांत कोठें उत्पन्न होतो आणि त्यासाठीं कोणता प्रयत्न लागतो. आमची वर्णमाला कंठापासून ओंठांपर्यंत क्रमानें चालत येते, ती ह्याच ज्ञानाचें फळ. इ. स. २०१३ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनीं बोलत्या मनुष्याच्या मेंदूचें निरीक्षण प्रसिद्ध केलें; त्यांत, ध्वनींची मेंदूंतील मांडणी ओंठ, जीभ, कंठ अशा उच्चारणाऱ्या अवयवांस धरून असते असें आढळलें. शिक्षाकारांस ह्या वार्तेचें फारसें आश्चर्य वाटलें नसतें. पाणिनीय शिक्षेंत ह्या प्रकरणीं एक सुंदर दृष्टांत आहे. वाघीण आपलीं पिलें दाढेंत धरून नेते, तेव्हां तीं पडूं नयेत इतकें घट्ट आणि त्यांस दांत लागूं नये इतकें हलकें धरते. वर्णांचा उच्चार तसा असावा, असें तेथें सांगितलें आहे. उच्चारशिक्षणावर ह्याहून नेमका शब्द आम्हीं कोठें वाचला नाहीं. त्याच ग्रंथांत पाठकाचे दोषहि सांगितले आहेत. त्यांतील एका दोषाकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

जिभेची कसोटी पाहण्याची हौस संस्कृतास नवी नाहीं. वेदपाठकांचा घनपाठ घ्या. तीन पदें घेतलीं, तर पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, मग तिन्हीं सुलट, तिन्हीं उलट, पुन्हां तिन्हीं सुलट, असें म्हणतां म्हणतां तीन पदांचीं तेरा उच्चारणें होतात. हेतु करमणुकीचा नव्हे, पाठरक्षणाचा. परंतु जिभेस पडणारा ताण त्याच जातीचा आहे. काव्यांत तर ह्याचा सोसच झाला. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गांत अखेरचा एक तकार वगळल्यास केवळ नकारावर सबंध श्लोक रचला. दंडीच्या दशकुमारचरितांतील सातव्या उच्छ्वासाची योजना आम्हांस अधिक रसाळ वाटते. तेथें मंत्रगुप्ताचा ओंठ प्रियेच्या दंतक्षतानें दुखावला आहे, सबब तो आपली सगळी हकीकत एकहि ओष्ठ्य वर्ण न वापरतां सांगतो. आमच्या मोरोपंतांनींहि (इ. स. १७२९–१७९४) आपल्या अनेक रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ रचिलें आहे. ओंठांस ओंठ न लावतां रामकथा सांगावयाची, म्हणजे ‘राम’ हें नांवच घेतां येत नाहीं! पंतांच्या हौसेस नमस्कार असो.

परदेशांतहि हीच गोष्ट. ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस तोंडांत खडे धरून भाषणाचा अभ्यास करीत असे, असें प्लूटार्क सांगतो. इंग्रजींत पीटर पायपर ह्या नांवाची पुस्तिका इ. स. १८१३ मध्यें लंडनास निघाली; तिच्यांत वर्णमालेच्या अक्षरांवर एकेक जिभेस पीळ देणारें वाक्य आहे, आणि तिचा मथळाच स्पष्ट व निर्दोष उच्चाराची ग्वाही देतो. ह्या ‘निर्दोष’ शब्दापाशीं आम्हांस थांबावयाचें आहे. स्पष्ट बोलणें ही एक गोष्ट, आणि निर्दोष बोलणें ही दुसरी. आम्हीं उभ्या नोकरींत ह्या दोहोंची गल्लत केली.

आतां नंदुरबारकडे वळूं. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं तो पश्चिम खानदेशाचा, आणि १९०६ पूर्वीं अखंड खानदेशाचा भाग होता. तापीच्या दक्षिणेस नंदुरबार व नवापूर, उत्तरेस शहादें, तळोदें, अक्कलकुवा व अक्राणी, असे सहा तालुके. पलीकडे सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशीं नर्मदा. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लक्ष ४८ हजारांवर होती व तींत शेकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, मावची, वसावे, कोंकणी अशा लोकांच्या बोली डोंगरांत, मैदानांत अहिराणी व गुजरांची गुजरी, पेठेंत गुजराती, कचेरींत व शाळेंत मराठी. एकाच मिरचीच्या पथारीवर तास दोन तास बसलें तर चार बोली कानीं पडतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारच्या ज्या मिरवणुकींत पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आपल्या सोबत्यांसह गोळीस बळी पडला, त्या मिरवणुकींतील मुलांच्या तोंडची घोषणा गुजराती होती. ह्या गांवीं देशभक्तीनें कोणत्या भाषेचा दाखला मागितला नव्हता.

ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणींत मराठीचा खंड सातवा, तो १९०५ सालचा. परंतु खानदेशी ही त्यांत नाहीं. ती १९०७ सालीं निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत भिल्ली बोलींच्या शेजारीं बसविली आहे. ह्या वर्गीकरणावर पुष्कळ वाद झाले आहेत व आम्हांस त्यांत पडावयाचें नाहीं. आम्हांस हव्या असलेल्या दोन गोष्टी कोणीहि बाजारांत उभा राहून ऐकूं शकतो. अहिराणींत दोन स्वरांमधील व शब्दान्तींचा ळकार यकार होतो: काळा तो ‘काया’, डोळा तो ‘डोया’, सकाळ ती ‘सकाय’, फळ तें ‘फय’, धुळें गांवास देखील ‘धुये’ म्हणतात. आणि णकार नकार होतो: पाणी तें ‘पानी’, कोण तो ‘कोन’. डोंगराकडील कित्येक भिल्ली बोलींत तर सकार हकार होतो, आणि सात ह्या संख्येस ‘हात’ म्हणतात. सप्ताचें ‘हप्त’ आणि सिंधूचें ‘हिंदु’ करणाऱ्या इराणी जिभेची येथें कोणासहि आठवण व्हावी.

आम्ही मूळचे देशावरचे. नोकरीनिमित्त ह्या प्रांतीं आलों. पहिल्याच वर्षीं वर्गांत ‘काळे राळे’ म्हणवून घेतलें, तेव्हां मैदानांतील मुलें तें न अडखळतां, हंसतहंसत, आमच्याहून जलद म्हणून गेलीं. आम्हांस आनंद झाला. नंतर कान देऊन ऐकलें तेव्हां लक्षांत आलें कीं, मुलें ‘काये राये, गोरे राये’ म्हणत होतीं. ळकार यकार झाल्याबरोबर वाक्यांतील खिंडच नाहींशी झाली. र आणि य ह्यांचें भांडण नाहीं. जीभ सपाट रस्त्यानें जावी तशी जाते. जें वाक्य पुण्यास गड आहे, तें नंदुरबारांत मैदान आहे. वस्तुतः एवढ्यावरूनच आम्हांस सर्व समजावयास हवें होतें. कोणतेंहि जिव्हावाक्य स्वभावतः कठीण नसतें. अमक्या बोलीच्या जिभेस तें कठीण असतें. परंतु आम्हीं त्या वेळीं निराळाच निष्कर्ष काढला. मुलांची जीभ अशुद्ध आहे असें ठरविलें, आणि छडी घेऊन नव्हे तरी शब्दांनीं ती सुधारण्याच्या मागें लागलों.

येथें एक प्रसंग लिहून ठेवणें प्राप्त आहे. इ. स. १९८९ च्या पावसाळ्यांत, हा भाग धुळे जिल्ह्यांत असतां, आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें वक्तृत्वस्पर्धेसाठीं मुलें निवडावयाचीं होतीं. निवडीचें काम आमच्याकडे. आम्हीं फळ्यावर तीन वाक्यें लिहिलीं, चढत्या अवघडाईनें, आणि नियम केला कीं, जो तिन्हीं म्हणेल त्यासच भाषण मिळेल. अक्राणीकडील एक पावरा मुलगा वसतिगृहांत राहून शिकत होता. भाषणाचा मजकूर त्यास मुखोद्गत होता, आवाज खणखणीत, वर्गांत त्याच्यासारखा पाठ करणारा दुसरा नव्हता. पहिलें वाक्य त्यानें सहज म्हटलें. ‘चटईला टाचणी टोचली’ हें दुसरें वाक्य म्हणतांना त्यानें तिन्हीं चकार ‘चिमणी’ शब्दांतल्या चकारासारखे उच्चारिले. वर्ग हंसला. आम्हीं त्यास पुन्हां म्हणावयास लाविलें. वर्ग पुन्हां हंसला. तिसऱ्या खेपेस त्याच्या तोंडून शब्दच निघेना. आम्हीं म्हटलें, “बस खालीं, तुझी जीभ जड आहे.” तो बसला. त्यानंतर त्यानें वर्गांत आपण होऊन तोंड उघडलें नाहीं, आणि दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत परत आला नाहीं. न येण्यास दहा कारणें असूं शकतात, हें आम्ही जाणतों. तरीहि तें वाक्य आम्हीं उच्चारिलें होतें.

त्या मुलाची चूक कोणती होती, ह्याचा विचार आम्हीं पुढें पुष्कळ वर्षांनीं केला. मराठींत चकार दोन आहेत. एक टाळूचा, ‘चार’, ‘चिमणी’ ह्यांतला. दुसरा दांतांमागचा, ‘टाचणी’, ‘चोर’ ह्यांतला. जकार व झकार ह्यांचेंहि तसेंच. त्यांची अदलाबदल देखील आमच्या भाषेंत नियमानें होते: ‘त्याचा’ म्हणतांना चकार दांतांमागचा असतो आणि ‘त्याचे’ म्हणतांना तोच टाळूचा होतो, ‘माझा’ आणि ‘माझे’ ह्यांतहि तोच फेर. जन्मानें मराठी बोलणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं, म्हणून त्यास हें ठाऊकहि नसतें. परंतु बाळबोध लिपींत ह्या दोन चकारांस अक्षर एकच आहे. त्या मुलानें फळ्यावर जें लिहिलें होतें तेंच वाचलें. संस्कृतांत चकार तालव्यच आहे. कोणा शास्त्र्यापुढें तो मुलगा उभा असता तर शास्त्रीबोवांस त्याचा उच्चार निर्दोष वाटता. अपुरी होती ती आमची लिपि, आणि जड म्हटली त्याची जीभ.

ळकाराचा इतिहास ह्याहून बोधप्रद आहे. ऋग्वेदांत दोन स्वरांमधील डकाराचा ळकार होतो. पहिल्याच सूक्तांत ‘ईळे’ आहे. परंतु लौकिक संस्कृतांत तो नाहीं, तेथें ‘ईडे’. पुढें मराठीनें काय केलें? संस्कृतांतील ‘फल’ आणि ‘काल’ घेतले व दोन स्वरांमधील लकाराचा ळकार करून ‘फळ’, ‘काळ’ केले. म्हणजे संस्कृताच्या कांट्यावर तोललें तर ‘फळ’ हाच अपभ्रंश! अहिराणी बोलणारा त्याच वाटेनें आणखी एक पाऊल जाऊन ‘फय’ म्हणतो. पुणेरी जीभ एक पायरी उतरली, खानदेशी दोन उतरली. पहिल्या पायरीवर उभें राहून दुसऱ्या पायरीवरील मनुष्यास ‘तूं खालीं गेलास’ म्हणणें हें फारसें शोभत नाहीं.

णकाराची कथा तर उलटी आहे. ‘पानी’ म्हणणारा अडाणी आणि ‘पाणी’ म्हणणारा सुशिक्षित, असा समज महाराष्ट्रांत खोल रुजलेला आहे, आणि त्याच्या आडून जातीची पारख चालत आली आहे हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आतां जुन्या महाराष्ट्री प्राकृताकडे पहा. वररुचीचा नियम असा कीं, तींत नकाराचा सर्वत्र णकार होतो. गाथासप्तशतीची भाषा ही; दंडीनें प्राकृतांत हिलाच श्रेष्ठ म्हटलें. त्या काळच्या कोणा परीक्षकानें आमच्या शाळेंत येऊन ‘नदी’ आणि ‘नगर’ हे आमचे उच्चार ऐकले असते, तर आम्हांस सर्वांस खालीं बसविलें असतें.

शुद्धाशुद्धाचा हा झगडा किती जुना आहे तें महाभाष्याच्या आरंभींच दिसतें. असुर ‘हे अरयः’ म्हणावयाचे तें ‘हेलयः’ म्हणाले आणि पराभूत झाले, अशी कथा पतंजलि देतो. व्याकरण कशासाठीं शिकावें, ह्याचें तें एक कारण म्हणून सांगितलें आहे. रकाराचा लकार केला, म्हणून पराभव! परंतु ह्याच भूमीवर पतंजलीच्या सुमारें शंभर वर्षें आधीं अशोकाचे लेख कोरले गेले. गिरनारच्या लेखांत ‘राजा’ आहे. धौली व जौगड येथील लेखांत ‘लाजा’ आहे. पूर्वेकडील ती राजदरबाराचीच बोली होती. असुरांच्या मुखीं जो लकार पराभवाचें कारण ठरला, तोच लकार चक्रवर्तीच्या मुखीं आज्ञा म्हणून दगडांत कोरला गेला. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत शकार सकाराचा शकार करून बोलतो, आणि प्रेक्षक त्यास हंसतात. मागधीचा विशेष तोहि हाच. उच्चार तोच राहतो. हंसावें कीं मान लववावी, हें बोलणारा कोण त्यावर ठरतें.

आणि ही गोष्ट नेहमीं हंसण्यावर निभावत नाहीं. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ‘शास्ते’ नामक पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत एक भयंकर हकीकत आहे. गिलाद लोकांनीं यार्देन नदीचे उतार रोखून धरिले आणि पार होऊं पाहणाऱ्या प्रत्येकास ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लाविलें. एफ्राइमी लोकांस शकार साधत नसे. जो ‘सिब्बोलेथ’ म्हणाला त्यास तेथेंच मारिलें. बेचाळीस हजार मेले असें तेथें लिहिलें आहे. त्या शब्दाचा एक अर्थ धान्याचें कणीस असा आहे. आमचे राळेहि धान्यच! ज्या मुलास आम्हीं खालीं बसविलें त्याचा जीव गेला नाहीं, ही आम्हां मास्तरांच्या अधिकाराची मर्यादा. पद्धति तीच होती.

मग हीं वाक्यें टाकून द्यावीं काय? आमचें मत तसें नाहीं. पाणिनीय शिक्षेनें पाठकाचे गुण सांगितले ते असे: गोडवा, अक्षरांची स्पष्टता, पदें तोडून म्हणणें, चांगला स्वर, धीर आणि लय. ह्यांतील एकहि गुण अमक्या बोलीचा मक्ता नाहीं. अहिराणी बोलणारास ‘काया’ स्पष्ट म्हणतां येतें आणि अस्पष्टहि म्हणतां येतें. पुणेकरानें ‘काळा’ गिळून टाकिला तर तोहि दोषीच. आणि दोषांच्या यादींत शिक्षाकारानें शंकित व भीत हे दोन दोष आरंभींच घातले आहेत. भीत म्हणजे भ्यालेला पाठ. आम्ही हा ग्रंथ विद्यार्थिदशेंत पाठ केला होता. परंतु हा दोष शिष्याच्या अंगीं गुरूकडून येतो, हें ग्रंथांत स्पष्ट लिहिलेलें नसल्यामुळें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

इ. स. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीच्या कामावर असतां आमचा मुक्काम धडगांवाच्या पलीकडे एका पाड्यावर पडला. रात्रीं शेकोटीपाशीं पोरें जमलीं. आम्हीं सहज विचारिलें, तुमच्या बोलींत असें जीभ अडकविणारें कांहीं आहे काय. त्यांनीं एक वाक्य म्हणून दाखविलें. त्यांत तीन शब्द असे होते कीं, आम्हांस तिन्हीं एकच ऐकूं आले. पोरांनीं तीं तीन वेगळीं वस्तुनांवें असल्याचें बोटांनीं दाखवून सांगितलें. आम्हीं तें वाक्य पांच वेळां म्हटलें आणि पांचहि वेळां पाड्यावरचीं सर्व पोरें, व मागें उभ्या असलेल्या बायकाहि, हंसून लोटपोट झाल्या. एक आठ वर्षांची मुलगी मात्र हंसली नाहीं. ती आमच्यासमोर बसली, आपलें तोंड उघडून जीभ कोठें ठेवावयाची तें दाखविलें, आणि आम्ही चुकलों कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू करी. स्थान आणि करण ह्यांचा धडा आम्हीं गुरुगृहीं घेतला होता. त्याचा प्रयोग कसा करावा तें त्या रात्रीं पाहिलें. तें वाक्य देवनागरींत उतरविण्याचा यत्न आम्हीं केला. परंतु लिहिलेलें वाचून दाखवितांच पोरें पुन्हां हंसलीं, म्हणून येथें तें देत नाहीं.

परत आल्यावर आम्हीं शाळेंतील पद्धत बदलली. वाक्यांची अवघडाई पुण्याच्या जिभेवरून न ठरवितां वर्गांतील जिभेवरून ठरवूं लागलों. ज्यास ळकार घरीं मिळालेला नाहीं, त्यास ‘काळे राळे’ देऊन उपयोग नाहीं. त्याच्या जिभेस त्यांत अडथळाच सांपडत नाहीं. त्याच्यासाठीं आम्हीं ‘काळूची काया काळी, माळणीची माया भोळी’ असें वाक्य जुळविलें. ह्यांत ळ आणि य शेजारींशेजारीं येतात, आणि ‘काया’ हा शब्द अहिराणींत काळ्या रंगाचा वाचक असल्यामुळें मुलास अंतर जपल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. देशावरच्या मुलास हें वाक्य लेशमात्र कठीण नाहीं. दोन चकारांसाठीं ‘त्याचा चोर, त्याचे चार’ एवढें पुरे होतें. मात्र फळ्यावर दांतांमागच्या चकाराखालीं टिंब द्यावें लागतें. आरंभीं सावकाश, मग जलद. आणि वर्गानें हंसावयाचें तें मास्तर चुकल्यावरच, असा नियम ठेविला. त्यासाठीं दर शनिवारीं एका मुलानें घरच्या बोलींतील एक वाक्य आणून मास्तरांची परीक्षा घ्यावयाची. गुजरी मुलांनीं आम्हांस सोडलें, मावची मुलांनीं सोडलें नाहीं.

कित्येक सहाध्यायी म्हणत, ह्यानें प्रमाण भाषा बिघडेल. आमचा अनुभव उलट आहे. घरीं ‘डोया’ म्हणावें आणि पुस्तकांत ‘डोळा’ वाचावा, हा भेद मुलास स्पष्ट सांगितला कीं तो दोन्हीं सांभाळतो. जसा संस्कृत पंडित घरीं मराठी बोलतो आणि सभेंत संस्कृत. घरचें तें अशुद्ध असें सांगितलें, तर मूल शाळेंत गप्प बसतें, आणि गप्प बसलेल्या मुलाचा ळकार कोणता मास्तर सुधारणार?

इतिहासाच्या अभ्यासकांनीं हीं वाक्यें गोळा करावींत, ही आमची विनंति आहे. खेडोपाडीं आतां राळ्याचा पेराहि पूर्वींसारखा दिसत नाहीं, आणि ज्या मुलीनें राळे पाहिले नाहींत ती ‘काळे राळे’ कशास म्हणेल? संग्राहकानें वाक्याबरोबर गांव, म्हणणाराचें वय, घरची बोली आणि तें कोणाकडून ऐकलें ह्यांची नोंद करावी. उच्चार देवनागरींत बसत नसेल तर तो ओढूनताणून बसवूं नये. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र असतें, त्यांत तो जसाच्या तसा घ्यावा. एकच वाक्य दहा ठिकाणीं मिळालें तर दहाहि रूपें ठेवावींत, आणि त्यांतील कोणतें बरोबर तें ठरवूं नये. नंदुरबार, शहादें व तळोदें तालुक्यांतील ‘काये राये’चीं निरनिराळीं रूपें आमच्या वहींत उतरलीं आहेत, नवापूरकडील दोन मावची मुलांनीं म्हटलेलीं आहेत. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील एकहि रूप अद्याप त्या वहींत नाहीं.